डबी कंपनीची, माल कोणाचा?

गेल्या अंकात घाटातल्या ब्रेकबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रं सुरू झाली. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकच: पार्ट कंपनीचा घालू की बाहेरचा? चिपळूणला माझं गॅरेज आहे, एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हा प्रश्न रोज एकदा तरी कानावर पडलाय, आणि गिऱ्हाईक समोर उभं असतं तेव्हा अर्धंच उत्तर देता येतं. इथे पूर्ण देतो.

‘माझी २०१५ ची डिझेल स्विफ्ट, ९८ हजार किलोमीटर झालेली. सर्व्हिस सेंटरने पुढचे डिस्क पॅड, दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड आणि क्लच धरून ३४ हजारांचं एस्टिमेट दिलं. आमच्या जवळचे मिस्त्री तेच काम १९ हजारांत करतो म्हणतात. “ओईएम माल घालतो, कंपनीचाच असतो,” असं त्यांचं म्हणणं. खरं कोण बोलतंय?’ (एक शिक्षिका, कराड)

ताई, दोघंही थोडं थोडं खरं बोलतायत.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. मोटार कंपनी तुमच्या गाडीतले बरेचसे पार्ट स्वतः बनवत नाही. बेअरिंग, क्लच, शॉकअप, पॅड, दिवे, काच, बॅटरी हे सगळं दुसऱ्या कारखान्यांतून येतं. बेअरिंग म्हटलं की एसकेएफ, एफएजी, एनबीसी. क्लच म्हटला की व्हॅलिओ, लुक, एक्सेडी. शॉकअप म्हटला की गॅब्रिएल. यातले काही कारखाने तर आपल्या चिंचवड-चाकणलाच आहेत. तिथून निघालेला माल दोन वाटांनी जातो. एक वाट मोटार कंपनीकडे, तिथे तो कंपनीच्या डबीत बसतो. दुसरी वाट बाजारात, बनवणाऱ्याच्याच नावाच्या डबीत. या दुसऱ्या मालाला आमच्या धंद्यात ओईएम म्हणतात. पुस्तकी अर्थ काय असेल तो असो, पुण्याच्या नाना पेठेतल्या पार्टच्या काउंटरवर ‘ओईएम दे’ म्हटलं की दुकानदार हाच काढून देतो.

पण त्याच काउंटरवर तिसरा माल असतो, त्याला ‘लोकल’ म्हणतात. कोणी बनवला, कुठे बनवला, काही पत्ता नाही. डबी भडक, किंमत अर्ध्याहून कमी. आणि चौथा माल सगळ्यात वाईट: लोकल पार्ट, पण डबी हुबेहूब कंपनीची. म्हणजे ‘कंपनीचा की बाहेरचा’ अशा दोन बाजू नाहीतच, चार आहेत. तुमचे मिस्त्री दुसरा माल घालतो म्हणतायत. प्रश्न एवढाच, की तो दुसरा आहे की तिसरा.

ते कळायला त्यांना एकच विचारा: ‘कुठल्या मेकचा?’ मेकचं नाव पटकन आलं, डबी दाखवली, बिलावर नाव आणि पार्ट नंबर लिहून दिला, तर काम त्यांच्याकडे द्या. ‘चांगला आहे हो, मी गॅरंटी देतो,’ एवढंच आलं तर परत फिरा. त्या गॅरंटीला कागद नसतो.

तुमच्या यादीत मी काय केलं असतं ते सांगतो. क्लच बाहेरचा, नामवंत मेकचा, पण प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम. नुसती प्लेट बदलून पैसे वाचवू नका. बेअरिंग पुढच्या वर्षी ओरडलं की गिअरबॉक्स परत खाली काढावा लागतो आणि मजुरी दुसऱ्यांदा जाते. लिंक रॉड बाहेरचा चालेल, तो गेला तर खडखड करून आधी सांगतो. लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा, मात्र कंपनीचा घ्या. त्याच्या टोकाला बॉल जॉइंट असतो आणि चाक त्याच्यावर उभं असतं. लोकल आर्ममध्ये बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, सहा महिन्यांत फाटतो, ते एक वेळ चालेल, पण जॉइंट सुटला तर चाक आत लोळतं. आमच्याकडे महामार्गाच्या कामात वर्षानुवर्षं जे खड्डे होते, त्यांच्या कृपेने मी असे दोन पाहिलेत. दोन्ही गाड्या सावकाश चालल्या होत्या म्हणून माणसं घरी गेली.

डिस्क पॅडचं जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे माझा स्वतःचा हात पोळलाय.

२००६ सालची गोष्ट. गॅरेज नवं नव्हतं, पण हातात पैसा नव्हता. एका ओळखीच्या माणसाच्या गाडीला पॅड घालायचे होते. एका दुकानात (नाव सांगत नाही, आता ते बंद झालंय) चारशे रुपयांनी स्वस्त सेट मिळाला. वजनाला बरा वाटला, घातला. आठवड्याने तो माणूस कराडहून कुंभार्ली घाट उतरत होता, गाडीत चार माणसं आणि मागे गुळाच्या ढेपा. मध्यावर जळका वास यायला लागला. पेडल लाकडासारखं कडक, पाय सगळा दाबलाय आणि गाडी थांबत नाही. त्याने पहिला गिअर टाकून, हँडब्रेक ओढत, डोंगराच्या बाजूला गटारात गाडी घातली. मी वर गेलो, चाक काढलं. एका पॅडचं मटेरिअल मागच्या पत्र्यापासून सुटून निम्मं गळून पडलं होतं. तो माणूस मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पॅड म्हणजे लोखंडी पत्र्यावर दाबून बसवलेलं मटेरिअल, राळेने बांधलेलं. घाटात तापलं की हलक्या मालातली राळ जळते, वायू सुटतो, आणि पॅड डिस्कवरून नुसता घसरतो. तेव्हा पेडल कडकच राहतं. पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली गेलं तर दोष वेगळा, तिथे ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. डॉट ३ ऑइल नवं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि ओलं झालं की तोच आकडा १४० वर येतो. आमच्या कोकणच्या पावसात तीन-चार वर्षं तेच ऑइल ठेवणारे लोक पॅड कुठल्या कंपनीचा यावर तासभर वाद घालतात, याची मला गंमत वाटते. ऑइल दोन वर्षांनी बदला. गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच घाला.

तर ताई, पॅड कंपनीचे घ्या किंवा ब्रेकच बनवणाऱ्या मेकचे. तुम्ही कराडच्या, चिपळूणकडे उतरायचं म्हणजे घाट आलाच.

‘कंपनीच्या डबीतला ऑइल फिल्टर ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळाला. घातल्यापासून सकाळी गाडी सुरू करताना दोन-तीन सेकंद कटकट आवाज येतो. फिल्टर नकली असेल का?’ (एक वाचक, रत्नागिरी. वॅगन आर, पेट्रोल)

बहुतेक नकलीच.

चांगल्या फिल्टरमध्ये एक रबरी झडप असते. इंजिन बंद झालं की ती फिल्टरमधलं ऑइल मागे उतरू देत नाही. नकली फिल्टरमध्ये ती झडप नसते, किंवा असते पण कडक प्लास्टिकची. रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी ऑइल वर चढेपर्यंत इंजिन कोरडं फिरतं. तो तुमचा आवाज. दोन-तीन सेकंदच, पण रोजचे.

मी एकदा पोरांना दाखवायला दोन फिल्टर पान्ह्यात धरून कापले. अस्सलमधला कागद दाट चुण्यांचा, दोन्ही टोकांना नीट चिकटवलेला. नकलीत चुण्या निम्म्या, एका टोकाला कागद सुटलेला. म्हणजे ऑइल गाळलं न जाता बाजूने सरळ जात होतं. बाहेरून दोन्ही सख्खे भाऊ.

बाहेरून ओळखायचं तर छपाई बघा. नकली डबीवर अक्षरं किंचित फुगलेली असतात, रंग एक छटा इकडे-तिकडे. डबीवर एमआरपी, पॅकिंगचा महिना, पत्ता, पार्ट नंबर हवाच. पार्टवर नंबर कोरलेला किंवा ओतलेला असेल तर तो डबीवरच्या नंबराशी ताडून बघा. होलोग्रामवर फार विसंबू नका, ज्याला डबी छापता येते त्याला होलोग्रामही छापता येतो. खरी खूण बिल. जीएसटीचं पक्कं बिल, पार्ट नंबरासकट. नकली विकणारा ते देत नाही, कारण मग तो पकडीत येतो. आणि कंपनीच्या पार्टवर दुकानदार दहा-पंधरा टक्के सोडतो ते समजू शकतो, पन्नास टक्के सोडत असेल तर त्याला परवडतं कसं हे स्वतःला विचारा.

फिल्टर आजच बदला. सोबत ऑइलही.

‘गाडी दोन वर्षांची आहे. बाहेर सर्व्हिसिंग केलं किंवा बाहेरची बॅटरी घातली तर वॉरंटी गेली, असं शोरूमवाले म्हणतात. हे कायद्याने खरं आहे का?’ (एक वाचक, सांगली)

मी वकील नाही, पण हा निकाल आम्हा गॅरेजवाल्यांना पाठ आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींवर दंड लावला. कारण हेच: सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती फक्त आपल्या डीलरांकडे ठेवायची आणि बाहेरच्या गॅरेजला तोंडही लावू द्यायचं नाही. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका, असंही आयोगाने त्यात बजावलं. कंपन्या पुढे अपिलात गेल्या, ते त्यांचं चालू राहिलं. पण तेव्हापासून कंपनीचे पार्ट आमच्यासारख्यांच्या काउंटरवर मिळायला सोपे झाले, हे मी स्वतः पाहिलंय. त्याआधी एका सेन्सरसाठी मी कोल्हापूरच्या डीलरकडे गिऱ्हाईक म्हणून उभा राहिलोय, आरसी बुक हातात घेऊन.

व्यवहारात मात्र असं करा. बॅटरी बदलली म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी जात नाही, एवढं त्यांनाही कळतं. पण तुम्ही बाहेर वायर कापून मोठा हॉर्न किंवा एलईडी बसवलात आणि मग वायरिंग जळालं, तर मी शोरूमच्या बाजूने बोलेन. ‘वॉरंटी जाते’ म्हणाले तर लेखी मागा, कुठल्या कलमाखाली ते लिहून मागा. बऱ्याचदा तिथेच विषय संपतो. आणि दोन वर्षांची गाडी आहे, तर वॉरंटी आहे तोवर मोठं काम तिथेच करा की. मला गिऱ्हाईक नको आहे असं नाही, पण फुकटात मिळणारा पार्ट विकत कशाला घ्यायचा?

‘पुढून किरकोळ ठोकर लागली. बंपर, एक हेडलाइट, एक फेंडर. गाडी सहा वर्षांची. विमा आहेच तर सगळं कंपनीचं घालून क्लेम करावा ना?’ (एक वाचक, ठाणे)

कागद-पेन्सिल घ्या.

साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. काचेवर काही कापत नाहीत. समजा बंपर ४ हजार, हेडलाइट ५ हजार, फेंडर ३ हजार. विमा देणार २,०००, २,५०० आणि १,८००, म्हणजे ६,३००. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १ हजार सक्तीची वजावट. राहिले ५,३००. रंगाच्या मालावरही कपात होते, ती वेगळी. आता दुसरी बाजू: पाच वर्षं क्लेम केला नसेल तर तुमचा नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर पोचलाय. एक क्लेम केला की तो शून्यावर. पुढच्या वर्षीच्या हप्त्यात किती फरक पडतो ते एजंटला विचारा आणि मग ठरवा. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, घेतलं असेल तर गणित बदलतं, ते पॉलिसीवर बघा.

क्लेम न करायचं ठरलं, तर फेंडर कंपनीचा घ्या. लोकल पत्रा पातळ असतो आणि त्याची भोकं जुळत नाहीत. डेंटर ती घणाने जुळवतो आणि बोनेटची फट आयुष्यभर वाकडी राहते. हेडलाइट नामवंत मेकचा बाहेरचा चालेल. बंपर लोकल चालेल, फक्त रंगवण्याआधी एकदा नुसताच लावून बघायला सांगा. पुढची काच कधी बदलावी लागली, तर कोपऱ्यात आयएसआयची खूण आहे का ते बघा, आणि ती लॅमिनेटेडच हवी.

‘ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेलाय. नवा ४० हजार सांगतात. मुंबईत जुन्या बाजारात ९ हजारांत मिळतोय, “अॅक्सिडेंटच्या गाडीचा आहे, चालू आहे” म्हणतात. घेऊ का?’ (एक वाचक, खेड)

भाऊ, तुम्ही खेडचे, तुम्हाला २२ जुलै २०२१ आठवत असेल. वाशिष्ठीचं पाणी त्या दिवशी चिपळुणात शिरलं. माझ्या गॅरेजात लिफ्टवर चढवलेली एक गाडी वाचली, खालच्या पाच गेल्या. त्या पुरातल्या गाड्या विमा कंपन्यांनी टोटल लॉसमध्ये काढल्या, लिलाव झाले, गाड्या ट्रकवर चढून गेल्या. त्यांचे भाग कुठे गेले असतील? हवेत तर विरले नसतील.

पुराच्या पाण्यात बुडालेला ईसीएम वाळवला की महिना-दोन महिने चालतो. मग पिनांवर हिरवं चढतं आणि गाडी कधी चालू, कधी बंद. घ्यायचाच असेल तर कनेक्टरच्या पिना टॉर्च मारून बघा, सांध्यांतला चिखल नखाने खरवडून बघा. शिवाय आजच्या गाड्यांत ईसीएमची जोडी किल्लीतल्या इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या चिपशी) लावलेली असते. दुसऱ्या गाडीचा नुसता बसवून गाडी सुरू होत नाही, जुळवणी करून घ्यावी लागते, तिचा खर्च वेगळा. त्याआधी जुना ईसीएम दुरुस्त होतो का बघा. कोल्हापूर-पुण्याला ते काम करणारी माणसं आहेत, आणि निम्म्या वेळा दोष आतल्या एखाद्या सुट्या भागाचा निघतो. त्याहीआधी अर्थिंगची वायर तपासा. हसू नका, दोनदा झालंय.

जुन्या बाजारातून दार घ्या, आरसा घ्या, सीट घ्या, डिस्क घ्या (चाकाची, ब्रेकची नव्हे). एअरबॅग आणि सीटबेल्ट फुकट दिले तरी घेऊ नका.

एअरबॅगवरून आठवलं. एका वाचकांनी जरा रागाने लिहिलंय की ‘ओरिजिनल ते ओरिजिनल, यात चर्चा कसली?’ त्यांनी टकाटा या जपानी एअरबॅग कंपनीचं प्रकरण वाचावं. त्या एअरबॅग शंभर टक्के ओरिजिनल होत्या, कारखान्यातून गाडीत बसून आलेल्या. इन्फ्लेटरमधलं, म्हणजे फुगा फुगवणाऱ्या भागातलं, अमोनियम नायट्रेट उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडलं आणि फुग्याबरोबर धातूचे तुकडे माणसाच्या अंगावर आले. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या, २०१७ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. उष्ण आणि दमट म्हणजे कोकणच की. जुनी गाडी असेल तर गाडीच्या कंपनीच्या संकेतस्थळावर चॅसी नंबर टाकून रिकॉल आहे का बघा. असेल तर ते काम फुकट होतं.

‘तुम्ही मिस्त्री लोक पार्टवर कमिशन खाता, म्हणून बाहेरचा घ्या म्हणता. खरं की नाही?’ (नाव नाही, गाव नाही)

खरं आहे. लोकल पार्टवर जास्तच सुटतं. डबीवर एमआरपी बाराशे छापलेली असते आणि मला तो साडेचारशेला पडतो. कंपनीच्या पार्टवर एमआरपी पक्की आणि माझ्या हातात थोडं. म्हणून मिस्त्री ‘कंपनीचा काही खास नसतो हो’ म्हणायला लागला की सावध व्हा, माझ्याबाबतीतसुद्धा. पार्ट स्वतः आणा, मजुरी आधी ठरवा, जुना पार्ट परत मागा. मात्र चुकीचा पार्ट आणलात आणि गाडी जॅकवर अडकून राहिली, तर दिवसाचं भाडं मी लावतो. तेही आधीच सांगून ठेवतो.

‘काका, तुमच्या स्वतःच्या गाडीत काय काय घातलंय?’ (एक विद्यार्थिनी, डिप्लोमा ऑटोमोबाइल, दुसरं वर्ष)

पोरी, आवडला प्रश्न. २००९ ची वॅगन आर आहे. डिस्क पॅड आणि मागचे लायनर कंपनीचे. ब्रेक ऑइल दर दुसऱ्या वर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी. मागची व्हील बेअरिंग बाहेरची, मेकच्या डबीतली. क्लच बाहेरचा. हेड गॅस्केट एकदा बदललं, कंपनीचं. शॉकअप चारही बाहेरचे, एसटीच्या पार्सलने पुण्याहून आले होते, एक गळका निघाला आणि पक्कं बिल होतं म्हणून बदलून मिळाला. वायपरचे रबर दरवर्षी, मिळेल ते.

डाव्या दाराचं हँडल लोकल आहे. शंभर-दीडशे वाचवायला गेलो. पावसाळा लागला की ते बाहेरून उघडत नाही. तुझी काकू आत सरकून माझ्या बाजूने बसते आणि प्रत्येक वेळी विचारते, ‘मिस्त्री कोण होता?’